हेलेनाचं मचाण

आमच्या वर्कशॉपमध्ये दोन नियम होते आणि दोन्ही सूर्यकांतकाकांचे. मॉडेल टेबलावर चढवलं की त्याची उत्तर आणि बाहेरची उत्तर एक असली पाहिजे, हा पहिला. काम पुरं होईपर्यंत मॉडेलात माणूस बसवायचा नाही, हा दुसरा.

मी पुण्याच्या कॉलेजातून शिकून आलेली आर्किटेक्ट, त्यामुळे मला दोन्हींमागचं कारण हवं होतं. पहिल्याचं कारण सोपं निघालं. दक्षिणेचं शटर वर केलं की खरं ऊन आत येतं, सावल्या खऱ्या पडतात आणि फोटो चांगले येतात. दुसऱ्याबद्दल काका म्हणाले, "घरात माणूस राहायला आला की सुताराने बाहेर पडायचं असतं, मॅडम." हे काही कारण नव्हे, असं मी म्हटलं. ते हसले आणि पॉलिश पेपर शोधायला लागले.

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात एका गल्लीच्या टोकाला आमची शेड होती. होऊ घातलेल्या इमारतींची छोटी मॉडेलं आम्ही करायचो, बिल्डरांच्या सेल्स ऑफिसांसाठी. काका लाकूडकामाचे मास्टर, आधी कुर्ल्याच्या एका फौंड्रीत ओतकामाचे लाकडी साचे करायचे. म्हसळ्याचा युसुफ कटिंग मशीन चालवायचा. मी ड्रॉइंग आणि माहिती जमवायचे. मॉडेल पुरं झालं की आम्ही प्रत्येक जण गुपचूप आपापला एक पुतळा त्यात उभा करायचो, सही केल्यासारखा. काकांचा पांढऱ्या टोपीतला, युसुफचा हिरव्या शर्टातला, माझा पिवळ्या कुर्त्यातला. दुबईतल्या कितीतरी सेल्स ऑफिसांत काचेखाली मी पिवळा कुर्ता घालून कुणाच्या तरी बागेत उभी होते.

२००८च्या उन्हाळ्यात हेलेनाचं काम आलं.

उम्म अल कुवैनच्या वाळूत एका कंपनीला जुनं अमेरिकन गाव उभारायचं होतं, दुकानं आणि व्हिला घालून. नमुना म्हणून त्यांनी हेलेना निवडलं, मोंटाना राज्याची राजधानी. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. मी नकाशा उघडला आणि अडकलेच. १८६४ साली चार माणसं सोनं शोधत हिंडत होती. सगळीकडे हात हलवत परतल्यावर त्यांनी एका घळीत शेवटचा प्रयत्न म्हणून खणलं आणि तिथे सोनं लागलं. घळीचं नाव पडलं लास्ट चान्स गल्च. आजही गावाचा मुख्य रस्ता त्या घळीसारखा वाकडातिकडा जातो. पाहता पाहता गाव लखपतींनी भरलं. हे सगळं मी रोज संध्याकाळी घरी सुजीतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ऐकवायचे. तो एअरपोर्टवर कार्गोत होता. "म्हणजे आपल्या दुबईसारखंच," तो म्हणायचा.

त्या कंपनीने आराखड्यात खऱ्या गावाची मोडतोड करून सगळ्या जुन्या खुणा जवळजवळ आणल्या होत्या. मधल्या टेकडीवर आगीवर नजर ठेवायचा टॉवर. त्याच्या पश्चिमेला कॅपिटॉल, म्हणजे तिथलं विधानभवन, तांब्याच्या घुमटाचं. उत्तरेला दोन सुळक्यांचं कॅथीड्रल, दक्षिणेला सोन्याच्या काळातली लाकडी झोपडी. आणि पूर्वेला चक्क एक मिनार. हेलेनात खरोखरच तसा मिनार आहे, तिथल्या एका मंडळाने हौसेने बांधलेला, आणि आता तिथे नाटकं आणि सभा होतात. युसुफला हे पटेचना. "अमेरिकेत, बर्फात, मिनार? और अजान कोई नहीं देता?" त्याने तो मिनार तीनदा घासून गुळगुळीत केला.

काकांचा जीव मात्र टॉवरवर जडला. चार लाकडी पाय, वर चारी बाजूंनी उघडी खोली. गाव सुरुवातीच्या दहा वर्षांत पुन्हापुन्हा जळलं, तेव्हा हा उभारला. वर एक पहारेकरी असायचा, कुठे धूर दिसला की घंटा वाजवायचा. मी जुने फोटो दाखवले. काका बराच वेळ पाहत राहिले.

"हे तर मचाण आहे," ते म्हणाले. "आमच्या आजोळी शेतात असंच असायचं. थंडीत बिचारा काय करत असेल वर?"

त्यांनी टॉवर दोनदा केला. आधी एक सरावाचा, तो माझ्या सात वर्षांच्या शुभ्राला खेळायला दिला. मग दुसरा, मॉडेलसाठी. "एकदा खरा बघून यायचा," ते म्हणायचे. आयुष्यात कुर्ला आणि शारजा सोडून कुठेही न गेलेला माणूस, पण ते म्हणायचे ते अगदी मनापासून.

ऑक्टोबरच्या एका सकाळी मी टेबलावरची धूळ पुसत होते आणि मला टॉवरमध्ये माणूस दिसला.

दीड-पावणेदोन सेंटिमीटरचा असेल. गडद कोट, डोक्यावर काही नाही, तोंड मिनाराकडे. मी युसुफवर भडकले. त्याने आईची शपथ घेतली. काका चिमटा आणि भिंग घेऊन आले. त्यांनी पुतळा हलवून पाहिला, मग चिमटा खाली ठेवला.

"हा चिकटवलेला नाही," ते हळूच म्हणाले. "बघा. फळीचे रेषे याच्या पायातून वर गेलेत. लाकूड एकच आहे."

मी पाहिलं. तसंच होतं. मी म्हटलं, काका, तुम्हीच कोरला असेल आणि विसरला असाल. त्यांनी भिंग पुन्हा पुतळ्याच्या पायांवर धरलं.

दोन दिवसांनी पूर्वेकडच्या गल्लीत रंगाचं गोदाम जळलं. पुढच्या आठवड्यात पुतळ्याचं तोंड झोपडीकडे होतं. त्याच दुपारी दक्षिणेला एक फर्निचरची शेड पेटली. मग तो कॅथीड्रलकडे वळला आणि उत्तरेच्या टायर यार्डातून दिवसभर काळा धूर निघत राहिला.

त्या भागात आगी लागतच असतात, हे मी स्वतःला बजावलं. पण मला खरं सांगायचं तर भीती वाटली नाही, उत्सुकता वाटली. शाळेत प्रयोगवही लिहायचे तशी मी वही घातली. युसुफकडे पंधरा दिरहमचं, म्हणजे जवळजवळ दोनशे रुपयांचं, नमाजासाठी मक्केची दिशा, किब्ला, दाखवणारं होकायंत्र होतं. त्याने मी दिशा मोजल्या, शहराच्या नकाशावर रेघा मारल्या. कॅपिटॉलच्या घुमटावरून मारलेली रेघ पश्चिमेला नहदा भागात, थेट आमच्या बिल्डिंगवरून जात होती. ते बघून मी हसले होते.

काका सकाळी लवकर पाहायचे आणि मला फोन करायचे. सुरुवातीला ते "डावीकडे", "तुमच्या खुर्चीकडे" असं काहीतरी सांगायचे आणि घोळ व्हायचा. मग मीच ठरवून दिलं. "दिशा सांगू नका काका. कुठल्या बिल्डिंगकडे बघतोय ते सांगा. म्हणजे चूक होणार नाही."

दरम्यान मंदी आली होती आणि बाहेर सगळं कोसळत होतं. क्रेन जागच्या जागी थांबल्या. आमची अठरा माणसं होती, जानेवारीत आम्ही तिघं उरलो. आमच्या मालकांनी सांगितलं, हे मॉडेल मार्चच्या प्रदर्शनात गेलं तर व्हिसा रिन्यू, नाहीतर खलास. त्यांनी लेबर कॅम्पमधल्या खोल्याही सोडल्या. काकांनी शेडच्या उत्तरेच्या भिंतीला प्लायचं पार्टिशन टाकलं आणि त्यामागे खाट मांडली. त्या कोपऱ्याला दुसरं दार नव्हतं.

"काका, आमच्याकडे चला राहायला," मी म्हटलं.

"आणि याच्यावर लक्ष कोण ठेवणार?" त्यांनी टॉवरकडे मान केली. मग हसत म्हणाले, "मला सोबत आहे हो त्याची. तो उभा असतो, मी झोपतो."

मार्चमधला तो शुक्रवार. सुट्टीचा दिवस, सकाळचे अकरा. मी पोह्यांना फोडणी देत होते. फोन वाजला.

"मॅडम, टॉवरवरच्या साहेबांनी मान फिरवली."

"कुठे?"

"कॅपिटॉलकडे."

माझ्या हातातला झारा ओट्यावर पडला. नकाशावरची ती रेघ मला डोळ्यांसमोर दिसली. शुभ्रा हॉलमध्ये कार्टून बघत बसली होती.

"काका, नक्की?"

"नक्की. भिंगातून बघितलं. पण मॅडम, म्हणजे आता टेबल..."

"काका, नंतर. आधी माझं ऐका. ते आमच्या घराकडे आहे. तुम्ही कुठे जाऊ नका. त्याच्यासमोरून हलू नका. तो परत वळला तर लगेच मला फोन करा."

पलीकडे किल्ल्या खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मी जरा रोलाच्या बाजारात निघालो होतो," काका म्हणाले. "बरं. थांबतो. करतो फोन."

मी गॅस बंद केला, शुभ्राला उचललं, सुजीतला बाथरूममधून जवळजवळ ओढून काढलं. आम्ही सहा मजले जिन्याने उतरलो. पार्किंगमध्ये ऊन रणरणत होतं. मी मान वर करून एकेक खिडकी बघत राहिले.

"काय झालंय तुला?" सुजीत म्हणाला. "एका बाहुल्याने मान वळवली म्हणून आपण टॉवेलवर खाली आलोय?"

"पप्पा, इट्स नॉट अ डॉल," शुभ्रा म्हणाली. "ही इज वर्किंग."

दीड तास उलटून गेला. जुम्म्याची अजान झाली. बिल्डिंगला काही झालं नाही. कुणाच्या तरी घरी मासे तळत होते, तेवढाच वास. सुजीत हसायला लागला, मलाही स्वतःची लाज वाटायला लागली. काकांना सांगावं, जा आता रोलाला, म्हणून मी फोनसाठी हात घातला.

फोन वर राहिला होता. ओट्यावर.

आम्ही लिफ्टने वर गेलो. स्क्रीनवर मिस्ड कॉल होते. सूर्यकांतकाका, बारा चाळीस. सूर्यकांतकाका, बारा बेचाळीस. सूर्यकांतकाका, बारा त्रेचाळीस.

मी उलटा फोन लावला. लागला नाही.

मग युसुफचा आला. तो मशिदीतून धावत शेडपर्यंत पोचला होता. मागच्या शेडमधून आग पत्र्यावरून आत आली होती, उत्तरेच्या भिंतीतून, खाटेच्या बाजूने. काका पार्टिशनपाशी सापडले. त्यांचा फोन त्यांच्या हातात होता.

"उत्तरेची भिंत?" मी युसुफला विचारलं. "पण तो कॅपिटॉलकडे बघत होता. कॅपिटॉल पश्चिमेला आहे."

युसुफ रडत होता. त्याला माझा प्रश्नच कळला नाही. मी पुन्हा विचारला.

"मॅडम, टेबल काल फिरवलं ना आम्ही," तो म्हणाला. "तुम्ही गेल्यावर. शनिवारी ट्रक येणार होता, आडवं टेबल शटरमधून निघत नव्हतं. काका नको म्हणत होते, मीच म्हटलं, एक दिन का सवाल है. मिनार शटरकडे केला."

मिनार शटरकडे, म्हणजे दक्षिणेला. म्हणजे कॅपिटॉल उत्तरेला. खाटेकडे.

काका तेच सांगत होते आणि मी "नंतर" म्हटलं. मी त्यांना पहिल्यासारखं "डावीकडे", "उजवीकडे" बोलू दिलं असतं तर ते म्हणाले असते, माझ्या खाटेकडे. मी काहीच बोलले नसते तर ते रोलाला चहा पीत बसले असते. त्यांना मी मारलं, असं मी सुजीतला म्हणाले. तो म्हणाला, असं बोलू नकोस. पण नाही असं तो म्हणाला नाही.

मॉडेल पूर्ण जळालं. काकांना कुर्ल्याला पाठवायचे कागद युसुफने केले आणि मग तोही म्हसळ्याला परतला. प्रदर्शन झालंच नाही. उम्म अल कुवैनच्या त्या जागेवर अजून वाळू आहे. सुजीतची नोकरी टिकली म्हणून आम्ही राहिलो, त्याच नहदाच्या घरात.

आगीनंतर दहाव्या दिवशी शुभ्रा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"आई, देअर इज अ मॅन इन माय टॉवर."

तो सरावाचा टॉवर हॉलच्या फळीवर होता. मी शपथेवर सांगते, त्यात कधीच कुणी नव्हतं. आता होता. पांढरी टोपी, किंचित पोक, दोन्ही हात बाजूला. मी भिंग आणलं. फळीचे रेषे त्याच्या पायातून वर गेले होते.

त्याचं तोंड खिडकीकडे होतं. युसुफ जाताना होकायंत्र मला देऊन गेला होता, त्याने मोजलं. जवळजवळ सरळ उत्तर, पश्चिमेकडे नऊ अंश झुकलेली. मी नकाशा काढला. त्या रेघेवर आधी बिल्डिंगी होत्या, मग समुद्र, मग इराण. त्या दिशेच्या सगळ्या बातम्या मी वर्षभर वाचल्या. काही जुळेना. तो हलला नाही. सात वर्षं हलला नाही. शुभ्रा मोठी झाली, तिच्या पुस्तकांनी फळी भरली, टॉवर तिथेच. दर शुक्रवारी मी धूळ पुसायचे आणि म्हणायचे, काका, काय बघताय?

उत्तर मला २०१६च्या ऑगस्टमध्ये मिळालं. हेलेनाबद्दल काही आलं की मी अजून वाचते. बातमी होती की टेकडीवरचा तो जुना टॉवर, खरा, पहाटे जळाला. कुणीतरी मुद्दाम आग लावली होती. फोटोत पाय काळे पडलेले दिसत होते.

"पण हेलेना तर पश्चिमेला," मी म्हटलं. "अमेरिका पश्चिमेला असते."

सुजीत शुभ्राच्या खोलीतून पृथ्वीचा गोल घेऊन आला. त्याने एक दोरा शारजावर धरला आणि हेलेनापर्यंत ताणला. दोरा पश्चिमेला गेला नाही. तो वर गेला, रशियावरून, जवळजवळ ध्रुवावरून, आणि पलीकडे उतरला.

"आमची अमेरिकेची विमानं अशीच जातात," तो म्हणाला. "सरळ उत्तरेला. थोडी डावीकडे."

थोडी म्हणजे किती, ते मला माहीत होतं. मी सात वर्षं मोजत होते.

एकदा खरा बघून यायचा, काका म्हणायचे. मला त्या रात्री बरं वाटलं, हे लिहायला संकोच वाटतो, पण वाटलं. वाटलं, बघितला त्यांनी. आता संपलं.

हे मी दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिते आहे. सुजीत ड्यूटीवर गेला. शुभ्रा आत झोपली आहे, तिला सुट्टी आहे. मी उठून धूळ पुसायला फळीशी गेले.

तो वळला आहे.

आता तो खिडकीकडे पाहत नाही. तो आत पाहतो आहे, हॉलमध्ये, जेवणाच्या टेबलाकडे. मी मोजलं नाही. या वेळी दिशा मोजायची नाही, असं ठरवलं. मी फक्त भिंग डोळ्याला लावलं.

त्याचा डावा हात बाजूला आहे. उजवा आता वर आहे, कानाशी. तोंड किंचित उघडं आहे. ते आधी मिटलेलं होतं.

मी टेबलाशी बसले आहे. फोन माझ्यासमोर ठेवला आहे, आवाज पूर्ण वाढवून. तो अजून वाजलेला नाही.